ब्रेस्ट लिफ्ट: आकार मिळतो, पण व्रणाच्या बदल्यात

प्रश्न: माझं वय ३९. दोन बाळंतपणं झाली, दोन्ही मुलांना अंगावर पाजलं. गेल्या दीड वर्षात १६ किलो वजन कमी केलं. तब्येत छान आहे, पण छाती अगदी ओघळली आहे. ब्रा घातली की ठीक वाटतं, काढली की आरशात बघवत नाही. व्यायाम केला, क्रीम लावून पाहिलं, फरक नाही. ब्रेस्ट लिफ्ट करावी का? केली तर नक्की काय होतं, किती दिवस जातात, व्रण किती दिसतात? आणि धाकटी अडीच वर्षांची आहे, तिला परत कधी उचलून घेता येईल?

उत्तर: आधी दोन गोष्टी मनातून काढून टाका. पहिली म्हणजे व्यायामात आपण कुठेतरी कमी पडलो, ही. स्तनात स्नायू नसतो. दुधाच्या ग्रंथी, चरबी आणि त्यावर त्वचा, एवढंच असतं. छातीचा स्नायू या सगळ्याच्या मागे असतो. पुशअप्स करून तो भरेल, पण त्याच्या पुढचा स्तन त्यामुळे वर जात नाही. स्तनाला तोलून धरते ती त्वचा, आणि ग्रंथींमधून त्वचेपर्यंत गेलेले बारीक चिवट पट्टे. ॲस्टली कूपर या इंग्लिश सर्जनने १८४० मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून आम्ही त्यांना आजही कूपरचे लिगामेंट म्हणतो. हे पट्टे आणि त्वचा एकदा ताणले गेले की कोणतंही क्रीम, तेल, मसाज किंवा मशीन त्यांना पूर्वीच्या लांबीवर आणत नाही. त्यावर आणखी पैसे घालवू नका.

दुसरी गोष्ट अंगावर पाजण्याची. ‘मी पाजलं म्हणून असं झालं’ असं बायका माझ्यासमोर अपराध्यासारख्या म्हणतात, आणि ते ऐकून मला दर वेळी वाईट वाटतं. स्तन वाढतात ते गरोदरपणातच, मग पुढे बाळाला पाजा किंवा पाजू नका. ते ओसरले की ताणलेली त्वचा मागे उरते. यावर अभ्यास झाले आहेत. त्यात वय, किती वेळा दिवस राहिले, वजन, मूळचा आकार आणि धूम्रपान यांचा संबंध दिसला. पाजण्याचा वेगळा असा दिसला नाही. तुमच्या बाबतीत १६ किलो उतरले हे मोठं कारण आहे. आतली चरबी गेली आणि वरची पिशवी तेवढीच राहिली.

आता मुद्द्यावर येते. माझ्याकडे येणारी जवळजवळ प्रत्येक बाई एक गोष्ट करते. आरशासमोर उभी राहते, दोन्ही तळवे स्तनांखाली धरते, ते वर उचलते आणि म्हणते, “डॉक्टर, बस एवढंच हवंय.” मी तिला तसंच थांबायला सांगते आणि गळपट्टीच्या हाडाखालचा भाग बघायला सांगते. तळव्यांनी उचलल्यावर तो भाग छान भरलेला, गोलसर दिसतो. लिफ्टने नेमकं तेवढंच मिळत नाही. लिफ्ट म्हणजे जे आहे ते वर आणणं, जास्तीची त्वचा काढणं आणि स्तनाग्र योग्य जागी नेणं. नवीन भर त्यात काही पडत नाही. उलट पसरलेला ऐवज गोळा झाला की स्तन थोडे लहानच वाटतात, आणि पुष्कळ बायकांना एक कप लहान ब्रा लागते. वरचा भाग सुरुवातीला सुजेमुळे भरलेला दिसतो, तो काही महिन्यांत उतरतो. ज्यांनी हे आधी नीट ऐकून घेतलेलं असतं त्या नंतर समाधानी असतात. ज्यांच्या मनात तळव्यांवरचं ते चित्र बसलेलं असतं, त्या उत्तम झालेल्या ऑपरेशननंतरही नाराज होतात.

वरचा भाग भरलेलाच हवा असेल तर इम्प्लांट, म्हणजे सिलिकॉनच्या कृत्रिम पिशव्या, घालावे लागतात, किंवा पोट-मांडीची चरबी काढून तिथे भरावी लागते. लिफ्ट आणि इम्प्लांट एकाच वेळी करता येतात, पण यात मी सावध असते. एकीकडे त्वचा कमी करायची आणि दुसरीकडे आतून ताण वाढवायचा, अशी ही ओढाताण आहे. नुसत्या लिफ्टपेक्षा यात पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण जास्त असतं. शिवाय इम्प्लांट आयुष्यभर टिकत नाहीत, कधीतरी ते बदलायला किंवा काढायला लागतात. कितीतरी बायका ‘दोन्ही करा’ म्हणत येतात. मी म्हणते, आधी लिफ्ट करू, सहा महिने जाऊ द्या. त्यातल्या बऱ्याच जणी नंतर इम्प्लांटचा विषयच काढत नाहीत.

तुमचे स्तन किती ओघळले आहेत हे घरी साधारण बघता येतं. ब्रा न घालता ताठ उभ्या राहा आणि आरशात बाजूने बघा. स्तनाखालची घडी कुठे आहे आणि स्तनाग्र तिच्या तुलनेत कुठे आहे? रेन्यो या सर्जनने १९७६ मध्ये यावरून केलेली वर्गवारी आजही सगळीकडे वापरतात. स्तनाग्र घडीच्या पातळीला असेल तर पहिला टप्पा, घडीच्या खाली पण स्तनाच्या सर्वांत खालच्या कडेच्या वर असेल तर दुसरा, आणि अगदी खालच्या कडेला, जमिनीकडे तोंड करून असेल तर तिसरा. काही जणींचं स्तनाग्र जागेवरच असतं, फक्त खालचा भाग लोंबतो. त्यांचं ऑपरेशन वेगळं असतं. तपासताना आम्ही गळ्याखालच्या खळगीपासून स्तनाग्रापर्यंत टेपने मोजतो. मध्यम उंचीच्या बाईत न ओघळलेल्या स्तनाचं हे अंतर साधारण १९ ते २१ सेंटीमीटर असतं. वजन खूप उतरल्यावर ते २८–३० पर्यंत गेलेलंही मी बघितलं आहे. दोन्ही बाजूंचा आकडा क्वचितच सारखा येतो. प्रत्येक बाईचे दोन स्तन थोडे वेगळे असतात, आणि ऑपरेशननंतरही थोडे वेगळेच राहतात.

हा टप्पा महत्त्वाचा, कारण व्रण किती हे त्यावर ठरतं. व्रणाशिवाय लिफ्ट होत नाही. अगदी थोडं ओघळलं असेल तर स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या कडेने छेद घेऊन काम भागतं. मध्यम असेल तर त्या वर्तुळाभोवती आणि तिथून सरळ खाली घडीपर्यंत. जास्त असेल तर शिवाय घडीतूनही आडवा, म्हणजे एकूण आकार नांगरासारखा, बोटीच्या. या तिसऱ्या प्रकाराचा नकाशा रॉबर्ट वाईज यांनी १९५६ मध्ये मांडला, तोही ब्रा शिवण्याच्या कापावरून. शिंप्याच्या कामाशी आमच्या कामाचं नातं आहेच: सपाट कापडातून गोलाई काढायची तर कुठेतरी शिवण येणारच. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुम्हाला यातला दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रकारचा छेद लागेल असं वाटतं, पण न तपासता नक्की सांगणार नाही. फक्त एक सांगते. आडवा व्रण टाळायचा म्हणून कुणी तिसऱ्या टप्प्याचं ओघळणं नुसत्या वर्तुळाच्या छेदातून दुरुस्त करून देतो म्हणाला, तर तिथून उठा. असं केलं की स्तन पुढून चपटे होतात, वर्तुळ ताणून पसरतं आणि व्रण रुंद होतो. लहान व्रणापेक्षा योग्य जागचा व्रण बरा.

व्रण दिसेल कसा? पहिले काही आठवडे बारीक लाल रेघ. मग दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात तो जास्त लाल, जाडसर आणि खाजरा होतो, आणि नेमक्या याच वेळी बायका घाबरून फोन करतात. ही भरून येण्याचीच पायरी आहे. त्यानंतर तो हळूहळू मऊ आणि फिका होत जातो. पूर्ण स्थिरावायला एक ते दीड वर्ष लागतं. वर्तुळाभोवतीचा रंगांच्या सीमेत मिसळतो, घडीतला झाकला जातो, मधली उभी रेघ उरते. ब्रामध्ये, ब्लाउजमध्ये काही दिसत नाही. उघड्या अंगावर जवळून बघितलं तर दिसतं, आणि कायम दिसतं. जखम भरल्यावर सिलिकॉनची पट्टी किंवा जेल काही महिने लावल्याने फायदा होतो, ऊन मात्र लागू देऊ नका. सावळ्या त्वचेवर व्रण काळसर पडण्याची आणि जाड होण्याची शक्यता जास्त असते. कान टोचल्यावर, लस घेतल्यावर किंवा सिझेरियनच्या जागी तुमचा व्रण फुगून वाढला होता का, हे आठवा आणि सर्जनला आपणहून सांगा. तुमच्या अंगावरचा जुना व्रण माझ्या अंदाजापेक्षा जास्त खरं सांगतो.

स्तनाग्र कापून परत चिकटवतात का, ही भीती तुम्ही लिहिली नाहीत, पण ती बहुतेकींना असते. तसं करत नाहीत. स्तनाग्र खालच्या ऊतींना जोडलेलंच ठेवून, रक्तवाहिन्या आणि नसा सांभाळत, वर सरकवलं जातं. ओघळणं फारच जास्त असेल अशा क्वचित प्रसंगी वेगळं काढून लावावं लागतं, आणि तेव्हा ते आधीच सांगितलं जातं. संवेदना मात्र बदलते. काहींना काही महिने तिथे बधिर वाटतं, काहींना उलट कपड्याचा स्पर्शही सोसत नाही, मधूनच विजेसारखी चमक येते. बहुतेकींची संवेदना परत येते, काही जणींची पूर्ण येत नाही.

आता तुम्ही आधी ठरवायच्या गोष्टी. तिसरं मूल नको हे नक्की आहे का? पुन्हा दिवस गेले तर सगळं परत ताणलं जाईल, शिवाय लिफ्टनंतर दूध कमी येऊ शकतं. थोडीही शंका असेल तर थांबा. स्तन कुठे पळून जात नाहीत. वजन किमान सहा महिने एका जागी राहिलेलं असावं. अजून पाच-सात किलो उतरवायचे असतील तर आधी ते उतरवा.

तंबाखूबद्दल मी कुणाचंही ऐकत नाही. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि ऑपरेशननंतर स्तनाग्र ऊतींच्या एका अरुंद पुलावरून येणाऱ्या रक्तावर जगत असतं. तो पुरवठा तुटला तर स्तनाग्राचा काही भाग किंवा सगळंच काळं पडून जातं. मी हे होताना बघितलं आहे, आणि त्या बाईने मला ‘सोडली’ असं सांगितलं होतं. सिगारेट, चघळायची तंबाखू, व्हेप, निकोटिनची पट्टी किंवा गोळी, यातलं काहीही असो, किमान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर पूर्ण बंद. कधीमधी घेत असाल तरी लपवू नका. तारीख पुढे ढकलता येते, गेलेलं स्तनाग्र परत आणता येत नाही.

ॲस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या, व्हिटॅमिन ई, फिश ऑइल आणि काही वनौषधींनी रक्तस्राव वाढू शकतो. काय घेता त्याची पूर्ण यादी द्या, गर्भनिरोधक गोळ्यांसकट. हृदयासाठी लिहून दिलेली गोळी मात्र स्वतःच्या मनाने थांबवू नका. वय चाळिशीच्या उंबरठ्यावर आहे, तेव्हा ऑपरेशनआधी मॅमोग्राम (स्तनाचा एक्स-रे) आणि गरजेनुसार सोनोग्राफी करून घ्या. घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर नक्कीच. लिफ्टमुळे कॅन्सरचा धोका वाढत नाही. पण आतल्या व्रणांमुळे आणि कधी चरबीच्या कडक झालेल्या गाठींमुळे पुढचे मॅमोग्राम वेगळे दिसतात. म्हणून आधीचा एक आणि नंतर सहा महिने ते वर्षभराने एक, असे दोन्ही जपून ठेवा, आणि दर वेळी मॅमोग्राम करणाऱ्यांना ऑपरेशन झाल्याचं सांगा.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सर्जन तुम्हाला उभं करून पेनाने खुणा करेल. हे काम उभ्यानेच व्हायला हवं, कारण आडवं झालं की स्तन बगलेकडे सरकतात आणि सगळी मापं चुकतात. मला यालाच सगळ्यात जास्त वेळ द्यावासा वाटतो. एकदा खुणा केल्यावर मी चार पावलं मागे जाऊन बघते, तिला आरशात बघायला लावते, मगच पुढे. नंतर पूर्ण भूल, दोन ते तीन तास, आणि त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी घरी.

दुखणं बहुतेकींना वाटतं त्यापेक्षा कमी असतं. बाळंतपणानंतर दूध चढून छाती दगडासारखी होते ना, साधारण तसा ताण, आणि तीन-चार दिवसांत तो उतरायला लागतो. पहिलं ड्रेसिंग काढताना मात्र मन तयार ठेवा. स्तन फार वर, चौकोनी, खालून सपाट आणि वरून फुगलेले दिसतात. टाक्यांच्या कडेला चुण्या असतात, त्वचेवर पिवळे-जांभळे डाग असतात, एक बाजू दुसरीपेक्षा जास्त सुजलेली असते. त्या दिवशी डोळ्यांत पाणी आलेल्या बायका मी खूप बघितल्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक तीन महिन्यांनी हसत आल्या. हा आकार मुद्दाम थोडा वर ठेवलेला असतो. वजनाने स्तन सहा ते बारा आठवड्यांत खाली बसतो, खालचा भाग भरतो, चुण्या विरतात. आकाराबद्दलचं मत सहा महिन्यांच्या आत बनवू नका.

सपोर्ट ब्रा रात्रंदिवस, साधारण सहा आठवडे. झोप पाठीवर, डोकं-खांदे उशांवर उंच. पहिल्या दिवसापासून घरातल्या घरात चाला, पायात रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून ते गरजेचं आहे. बसून करायचं काम आठ-दहा दिवसांत सुरू होतं. गाडी चालवायची ती जोरदार वेदनाशामक गोळ्या बंद झाल्यावर आणि स्टिअरिंग झटक्यात वळवता येईल तेव्हाच. पळणं, वजनं उचलणं सहा आठवड्यांनंतर. उभा आणि आडवा छेद मिळतात त्या टोकाला जखम थोडी उघडी पडून दोन-तीन आठवडे उशिरा भरणं, हे बरंच होतं. ड्रेसिंगने ते बरं होतं, काळजी करू नका.

काळजी कशाची करायची ते सांगते. एक स्तन काही तासांत दुसऱ्यापेक्षा फुगून टणक झाला आणि दुखणं वाढतच गेलं, तर आत रक्त साचतंय. बहुधा पहिल्या २४ तासांत असं होतं, आणि शंभरात एक-दोघींना परत ऑपरेशन थिएटरमध्ये न्यावं लागतं. स्तनाग्र निळं-काळं पडायला लागलं, ताप आला, लाली पसरायला लागली, पोटरी सुजून दुखायला लागली किंवा दम लागला, तर सकाळची वाट न बघता रात्री दोनलाही फोन करा. हॉस्पिटलमधून निघण्याआधी रात्री कोण फोन उचलेल हे विचारून घ्या. सर्जन निवडतानाही मी हाच प्रश्न सुचवेन. प्लास्टिक सर्जरीची पदवी बघा, तुमच्यासारख्याच शरीराच्या रुग्णांचे ऑपरेशनआधीचे आणि किमान वर्षभरानंतरचे फोटो मागा. तीन आठवड्यांचा फोटो सगळ्यांचाच छान असतो.

टिकतं किती? वजन स्थिर राहिलं तर वर्षानुवर्षं. पण वय आणि गुरुत्वाकर्षण आपलं काम करतच राहतात, त्यामुळे पुढे थोडं उतरणार. आजच्यापेक्षा बऱ्याच चांगल्या जागेवरून उतरेल, एवढंच.

करावी का, हा निर्णय तुमचा आहे. तुमच्या प्रश्नात नवऱ्याचा किंवा आणखी कुणाच्या शेऱ्याचा उल्लेख नाही, तुम्ही स्वतःच्या नजरेबद्दल लिहिलंय, हे मला चांगलं वाटलं. व्रणांचे फोटो आधी बघा, वर्षभरानंतरचे, जवळून घेतलेले. ‘हे अंगावर चालेल, पण आत्ताचा आकार नको’ असं आतून आलं तर पुढे जा. त्या फोटोंवर नजर ठरत नसेल तर चांगली फिटिंगची ब्रा हाही पूर्ण सन्मानाचा उपाय आहे.

राहिली तुमची धाकटी. अडीच वर्षांचं मूल बारा-तेरा किलोचं असतं आणि पहिले दोन आठवडे तुम्हाला दोन-तीन किलोंपेक्षा जास्त उचलायचं नाही. तिला उचलायला पाच-सहा आठवडे धरा. ऑपरेशनच्या पंधरा दिवस आधीपासूनच तिला सवय लावा: तुम्ही सोफ्यावर बसायचं, तिने स्वतः चढून शेजारी यायचं, मध्ये एक उशी. तिला ‘आईला बाऊ झालाय’ एवढं कळतं, पण झोपेत ती विसरते, म्हणून महिनाभर रात्री तिला दुसऱ्या कुणाजवळ झोपवा. बाथरूम, खुर्ची, गाडीतली सीट यांसाठी घरात दोन हात हवेत. ते कुणाचे, हे तारीख ठरवण्याआधी ठरवा. सहाव्या आठवड्याच्या तपासणीत जखमा पक्क्या भरलेल्या दिसल्या की उचला तिला. पहिल्यांदा उभ्याने वाकून नको. खाली गुडघ्यांवर बसा, तिला गळ्यात हात टाकू द्या, अंगाशी धरा, आणि पायांच्या जोरावर उठा.